एका रात्रीचा रहिवासी

ऑरिन क्वालेने जन्मात कायद्याचं पुस्तक उघडलं नव्हतं. पण जानेवारीत, ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या क्वार्ट्झसाइटच्या माळावर, कायद्याबद्दल बोलायचा पहिला मान आपला, असं त्याने परस्पर ठरवून टाकलं होतं. नवी घरगाडी येऊन उभी राहायचा अवकाश, हा घडीची खुर्ची काखोटीला मारून हजर. नवरा बिचारा चाकांखाली फळ्या घालून गाडी समपातळीत आणतोय, बायको कुत्र्याला पाणी पाजतेय, आणि ऑरिन विचारतोय, "रहिवास कुठल्या राज्याचा घेतलात?"

घर विकून बारा महिने गाडीत राहणाऱ्यांचा हा एक मोठाच घोर असतो. माणूस कुठेही भटको, गाडीचा नंबर, चालवायचा परवाना, मतदान आणि कर यांसाठी त्याला कुठल्यातरी एका राज्याचा म्हणवून घ्यावंच लागतं. कुठल्या, ते ज्याचं त्याने निवडायचं. झालं, ऑरिनसारख्यांना एवढी फट पुरते. टेक्सासवाले दर वर्षी गाडी तपासायला बोलावतात, फ्लोरिडात विमा महाग, आणि साउथ डकोटाला फक्त एक रात्र पुरते, हे तो इतक्या गंभीरपणे सांगायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, तिन्ही राज्यं यानेच वसवलीत. मिनेसोटाचं नाव मात्र तो कुजक्या दाढेसारखं घ्यायचा, आणि त्याचा जन्म मिनेसोटातला.

तिथल्या रेड नदीच्या खोऱ्यात, बीटाची साखर करणाऱ्या कारखान्याच्या काट्यावर त्याने एकतीस वर्षं काढली. शेतकऱ्याचा ट्रक आला की नमुन्याची पाटी उचलायची, बीटाला माती किती चिकटलीय ते ठरवायचं आणि तेवढं वजन वजा करायचं. ऑरिनच्या हातून मातीचा कण सुटत नसे. शेतकरी त्याला पाठीमागे 'माती क्वाले' म्हणत, आणि हे कानावर आलं की त्याला बढती मिळाल्यासारखं वाटे. निवृत्तीनंतर काटा गेला, पण वजा करायची खोड कुठे जाणार?

बायकोचं, मार्लिसचं, मागणं एवढंसं होतं. एक वर्ष फिरू, समुद्र बघू, निवडुंग बघू, आणि घरी येऊ. ऑरिनने स्वयंपाकघरातल्या टेबलावर आठ महिने कागद पसरले आणि निष्कर्ष काढला की घरी येणं परवडत नाही. मिनेसोटा पेन्शनवर कर घेतं, साउथ डकोटा घेत नाही. म्हणजे घर ठेवणं हा शुद्ध मूर्खपणा. घर विकलं, बसएवढी घरगाडी घेतली, आणि मार्लिसच्या एका वर्षाची बघता बघता नऊ वर्षं झाली.

साउथ डकोटातली ती एक रात्र त्यांनी एका हमरस्त्यालगतच्या तळावर काढली. शेजारून ट्रक धडधडत जात होते, मार्लिसचा डोळा लागला नाही. ऑरिन मात्र पावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवी छातीवर ठेवून झोपला. सकाळी सरकारी कचेरीत पावती दाखवली, जोडीला टपाल सांभाळणाऱ्या एका कंपनीचा पत्ता दिला, आणि वीस मिनिटांत दोघं साउथ डकोटाचे झाले. मार्लिसला तो पत्ता बघायचा होता. जाऊन बघितला. गाड्या धुवायच्या दुकानामागे एक खोली, खोलीत भिंतभर खण, आणि त्या खणांत म्हणे नऊ हजार माणसं राहत होती.

"आपण इथं राहतो?" मार्लिसने विचारलं.

"कागदावर."

"आणि कागद सोडून?"

"कागद सोडून काही नसतं, मार्लिस. हेच तर लोकांना कळत नाही."

दुपारच्या आत त्यांनी ते राज्य सोडलंसुद्धा. पाच वर्षांनी परवान्याची मुदत संपली तेव्हा आणखी एक रात्र तिथे काढली. ज्या राज्याचे गोडवे हा माणूस वाळवंटभर गात फिरला, तिथे तो उभ्या आयुष्यात दोनदा झोपला होता. तिथल्या एका माणसाचं नाव त्याला सांगता आलं नसतं.

पण नुसता नवा कागद मिळवून भागत नाही, हे ऑरिनला पक्कं ठाऊक होतं. म्हणजे वाळवंटातल्याच कुणीतरी सांगितलेलं होतं. कर खात्यातले लोक म्हणे तुमचा मनातला इरादा शोधतात, तुम्हाला परत कुठे जायचंय ते. तेव्हा मागचे सगळे धागे तोडायचे. आधी वाचनालयाचं कार्ड गेलं. मग दातांचा डॉक्टर, मग कुत्र्याचा. मग नॉर्डहेम गावातल्या चर्चच्या वहीतून नावं काढायची वेळ आली. त्याच चर्चमध्ये मार्लिसचा बाप्तिस्मा झालेला, तळघरातल्या त्याच स्वयंपाकघरात तिने चाळीस वर्षं गावच्या मयतांनंतरची कॉफी केलेली. पाद्र्याने दोनदा फोन करून विचारलं, काही चुकलं का आमचं? चुकलं काही नाही, कराचा प्रश्न आहे, असं ऑरिनने त्या भल्या माणसाला सांगितलं. मार्लिस तेव्हा काही बोलली नाही. न बोलणं हा त्या खोऱ्यातल्या माणसांचा धर्मच आहे, आणि ऑरिनने आयुष्यभर त्याला होकार समजून घेतलं.

वर्षातून एकदा मात्र ती नॉर्डहेमला जायचीच. मेच्या शेवटच्या सोमवारी, मयतांच्या दिवशी. चर्चमागच्या दफनभूमीत त्यांचा मुलगा कुर्ट होता. अकरा वर्षांचा असताना मेंदूज्वराने तीन दिवसांत गेला. त्या वेळी ऑरिनने कुर्टसाठी एक आणि त्याच्या शेजारी आपल्या दोघांसाठी दोन, अशा तीन जागा एकदम घेतल्या होत्या. आयुष्यात तेवढ्या एका दिवशी त्याने किंमत विचारली नाही. माणूस अगदीच दगड नव्हता, हे सांगायला हवं म्हणून सांगितलं.

मिनेसोटात पाय ठेवला की तो अख्खा दिवस तिथला मोजला जातो, म्हणून या भेटीला तो कुरकुरायचा. पण त्याला खरा घोर लावला तो लाइलने. लाइल हा पूर्वी विमा विकणारा आणि आता चार वाजल्यापासून बिअर पिणारा वाळवंटातला शेजारी. सगळे आपापली खुर्ची आणि आपापलं पेय घेऊन गोल बसले असताना तो म्हणाला की, आयोवातल्या एका माणसाला कर खात्याने पहिला प्रश्न काय विचारला असेल? मेल्यावर कुठे पुरणार? जिथे पुरणार, तिथेच त्याचा इरादा. ते राज्य त्याला सोडत नाही.

लाइलने हे कुणाकडून ऐकलं, ते लाइलला माहीत नव्हतं. ऑरिनला विचारायचं सुचलं नाही. नव्या लोकांना पावतीशिवाय शब्द बोलू नका म्हणून सांगणारा हा गृहस्थ, त्या बिअरच्या डब्यावर विश्वास ठेवून रात्रभर तळमळला. दुसऱ्या दिवशी त्याने नॉर्डहेमच्या दफनभूमी समितीला पत्र लिहिलं. कुर्टशेजारच्या दोन्ही जागा आम्ही परत करत आहोत. जागा त्याच्या एकट्याच्या नावावर होत्या, सही त्याची एकट्याची पुरली. चेक त्या खणात आला. खणातलं टपाल तोच उघडायचा. त्या पैशातून त्याने गाडीच्या छपरावर सूर्यावर चालणारी विजेची पाटी बसवली, आणि मार्लिसची सकाळची कॉफी पुढचं वर्षभर त्या विजेवर उकळत राहिली. तिला त्याने सांगितलं नाही. योग्य वेळी सांगू, असं त्याने ठरवलं होतं, आणि योग्य वेळ येऊ नये याची काळजीही तोच घेत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

पहिल्या मेमध्ये तिथे नुसतं गवत होतं, त्यामुळे निभावलं. दुसऱ्या मेमध्ये मार्लिस लाल जिरेनियमची कुंडी घेऊन पुढे गेली आणि कुर्टच्या शेजारी तिला नवाकोरा काळा दगड दिसला. दगडावर एका जोडप्याची नावं, जन्माची सालं आणि पुढे आडवी रेघ. दोघं अजून जिवंत होती, मरणाची जागा रिकामी ठेवली होती. त्या खोऱ्यात असे दगड आधीच लावून ठेवतात, मुलांना त्रास नको म्हणून. नावांखाली मिशांचा मोठा मासा कोरलेला होता, आणि मासा धरणारी होडी.

मार्लिस कुंडी धरून उभी राहिली. ऑरिन पाठीमागून आला आणि वाऱ्याबद्दल काहीतरी बोलला.

"ही कोण माणसं?" तिने विचारलं.

तो सांगायला लागला. इरादा, धागे, आयोवातला माणूस, लाइल. बोलता बोलता त्याला वाटायला लागलं की हे तिला पटतंय, कारण ती मधे बोलत नव्हती. शेवटी तो म्हणाला की आपण आता साउथ डकोटाचे, तिकडेच काहीतरी बघू.

"तिकडे कुठं पुरशील मला?" मार्लिस म्हणाली. "त्या टपालाच्या खणात?"

तिने कुंडी कुर्टच्या दगडापाशी ठेवली, हाताने माती दाबली आणि चर्चकडे चालायला लागली.

तळघरात नेहमीप्रमाणे कॉफी आणि लिंबाच्या वड्या होत्या. मार्लिसची शाळेपासूनची मैत्रीण आर्डिस दफनभूमी समितीची चिटणीस होती. तिला वाटलं होतं, मार्लिसला सगळं ठाऊक आहे. नाही हे कळल्यावर ती कॉफीची किटली खाली ठेवून शेजारी बसली. मासेवालं जोडपं मिनियापोलिसहून आलेलं, गावातली बंद पडलेली शाळा घेऊन राहिलेलं. गेल्या हिवाळ्यात नवरा दर रविवारी चर्चसमोरचं बर्फ काढत होता. त्यांनी जागा मागितली, रिकामी होती, दिली. आता कुर्टच्या दुसऱ्या अंगाला, बीटाच्या शेताकडच्या बाजूला, दोन जागा होत्या. पण जागा थोड्या उरल्या म्हणून समितीने नियम केला होता की चर्चचा सभासद किंवा गावचा रहिवासी असेल, त्यालाच जागा, आणि त्याच्या घरच्यांना. अर्ज सप्टेंबरच्या बैठकीत.

ऑरिन खुलला. रहिवास हा तर त्याचा हातखंडा. पत्ता कुणाचा चालेल, एका रात्रीची पावती पुरेल का, असं तो आर्डिसला विचारायला लागला.

"पावती नको," आर्डिस म्हणाली. "इथं राहावं लागतं."

"किती रात्री?"

"ऑरिन, राहावं लागतं म्हणजे राहावं लागतं. एवढं कसं कळत नाही तुला?"

मार्लिसने विचारलं की लोहाराच्या जुन्या दुकानावरची खोली अजून भाड्याने देतात का. देत होते. ती म्हणाली, मग मी राहते. ऑरिन हसला. दोन दिवस तो ती गंमत करतेय असंच समजून होता. तिसऱ्या दिवशी तिने गाडीतून आपले कपडे, शिवणाची पेटी आणि कुत्रा उतरवला.

तेव्हा मात्र तो धास्तावला. बायको आठवेल म्हणून म्हणावं, तर तसं नव्हतं. बायको मिनेसोटात राहिली तर आपल्या रहिवासाचं काय, हा प्रश्न त्याला पडला. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्याने ज्याला विचारायला हवं त्याला विचारलं. नदीवरच्या पुलाजवळ गाडी लावून त्याने मिनेसोटाच्या कर खात्याला फोन केला, आणि नाव न सांगता, एका मित्राची गोष्ट म्हणून सगळं सांगितलं. पलीकडची बाई निवांत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"पुरायच्या जागेचं आम्ही नाही हो विचारत," ती म्हणाली. "बायको कुठे राहते, ते विचारतो. नवरा-बायकोचा रहिवास साधारण एकच धरतात. वेगळे झालेले असतील तर गोष्ट वेगळी."

त्याने तिला पुन्हा विचारलं, कबरीचं नक्की नाही ना? नक्की नाही, ती म्हणाली. आणखी काही विचारायचंय का तुमच्या मित्राला?

दुसऱ्या कुणाला तिथेच रडू फुटलं असतं. पोराशेजारची आपली माती आपण फुकट घालवली, मासेवाल्यांना दिली, एका बिअर पिणाऱ्याच्या शब्दावर. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय? पण ऑरिनच्या डोक्यात त्या बाईचं शेवटचंच वाक्य अडकलं. वेगळे झालेले असतील तर.

जूनमध्ये त्याने मार्लिससमोर विषय काढला. घरगाडी त्याने नदीपलीकडे नॉर्थ डकोटाच्या काठावर लावली होती, कारण नदीच्या अलीकडचा प्रत्येक दिवस मिनेसोटाच्या खात्यात जायचा. पुलावरून तो फक्त रविवारी यायचा, जेवायला. मार्लिस लोहाराच्या दुकानावरच्या खोलीत खिम्याचं आणि बटाट्याचं भांडं ओव्हनमधून काढत होती. ऑरिन म्हणाला की एक सोपा मार्ग आहे. नुसतं कागदावर वेगळं व्हायचं. वाळवंटात तीन जोडप्यांनी केलंय, मजेत आहेत. बाकी काही बदलत नाही. हिवाळ्यात तू ये वाळवंटात, पाहुणी म्हणून.

मार्लिसने भांडं टेबलावर ठेवलं. "बेचाळीस वर्षं झाली, ऑरिन."

"म्हणूनच तर म्हणतो, कागदाने काय फरक पडतोय?"

"कागद सोडून काही नसतं, असं तूच म्हणाला होतास."

त्यावर त्याने समजावलं की ते वेगळं आणि हे वेगळं. तिने त्याला वाढलं. तो दोनदा घेऊन जेवला, जेवण चांगलं झालंय म्हणाला आणि अंधार पडायच्या आत पुलापलीकडे गेला. पुढच्या रविवारी येताना वकिलाकडचे कागद घेऊन आला. सही कुठे करायची तिथे त्याने पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या. कागद तिच्या पावाच्या डब्याखाली पडून राहिले. त्याने दर रविवारी डबा उचलून बघितला, विचारलं मात्र नाही.

त्या उन्हाळ्यात मार्लिसने सगळं एकेक करून परत घेतलं. चर्चच्या वहीत नाव आलं. मिनेसोटाचा परवाना आला, त्यावरच्या फोटोत ती हसत होती. मयतांची कॉफी पुन्हा तिच्याकडे आली. मासेवाल्या बाईशीही तिची ओळख झाली. बाई म्हणाली की आम्हाला कुणी सांगितलं असतं तर आम्ही ती जागा घेतलीच नसती. मार्लिस तिला म्हणाली की तुमचा काही दोष नाही, आणि बर्फाबद्दल तिच्या नवऱ्याचे आभार मानले. ऑरिनला या गोष्टी रविवारी कळायच्या. त्याला वाटायचं, ही चार महिन्यांत दमेल. हिवाळ्याआधी येईल.

सप्टेंबरची बैठक रविवारी प्रार्थनेनंतर तळघरात होती, म्हणून ऑरिनला तिथे बसता आलं. समितीचे बाकीचे दोघे कुंपणाच्या रंगाबद्दल बोलून गेले. आर्डिसने अर्जाचा कागद पुढे ओढला, मार्लिसचं नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि विचारलं, "एक की दोन?"

"दोन," ऑरिन म्हणाला. "दोन, अर्थातच."

आर्डिसने त्याच्याकडे बघितलं. "तू सभासद नाहीस आणि इथला नाहीस. नवरा म्हणून घालते."

"हां, नवरा म्हणून."

"मग इथं नाव लिही, खाली सही कर. मार्लिस क्वाले, राहणार नॉर्डहेम, हिचा पती, असं लिहायचं."

तिने कागद आणि पेन त्याच्याकडे सरकवलं. मार्लिस टेबलावर हात ठेवून बसली होती आणि त्याच्याकडे बघत होती. त्या तळघरात त्या घटकेला तिला त्याच्याकडून एवढंच हवं होतं. एक ओळ, तीही खरी. ऑरिनने पेन उचललं. त्याने अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजू बघितली, पुन्हा सुलटा केला. कुर्टची आठवण त्याला झाली नसेल असं नाही. तेवढं श्रेय त्याला देऊ.

"या कागदाची नक्कल," त्याने विचारलं, "कुठं कुठं जाते?"

मार्लिसने हात पुढे केला, त्याच्या बोटांतून पेन काढून घेतलं आणि कागद आपल्याकडे फिरवला.

"एक," ती म्हणाली. "कुर्टला लागून असलेली. आणि आर्डिस, घरून मी काही कागद आणलेत, त्यांच्यावर साक्षीदाराची सही लागते. तू करशील का?"

तिने पिशवीतून वकिलाचे कागद काढले आणि पेन्सिलीच्या फुल्या होत्या तिथे तिथे सह्या करायला लागली.